थंडी मोजायची कुणी?

आमच्या सावद्याला बर्फ पडत नाही. केळीला बसतो तो चरका. पारा 10 अंशांखाली गेला की वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, घड निसवताना अडकतो. मग रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा, विहिरीचे कोमट पाणी सोडायचे. एवढे करूनही बाग गेलीच, तर विमा! त्याच्या गेल्या काही वर्षांच्या अटींनुसार सलग 3 दिवस तापमान 8 अंश किंवा त्याखाली हवे, आणि तेही मंडळाच्या हवामान केंद्रावर. पण थंड हवा जड. ती नाल्याकाठच्या खोलगट मळ्यात साचते. केंद्र उंचावर असेल तर त्याला तिचा पत्ताही नसतो.

नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या बफेलो शहराच्या दक्षिणेस पुरुषभर बर्फ पडला, उत्तरेस काही इंच. तिकडे साधे नागरिकही अंगणात पट्टीने बर्फ मोजून रोज नोंद कळवतात.

आपण मात्र भूगोलाच्या तासाला छापील आकड्यांचे आलेख काढतो! मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी केळी आहे. पहाटेचा पारा आपल्याच मळ्यात पाहून वहीत का लिहू नये? विमा कंपनी ती वही मानणार नाही, हे कबूल. पण केंद्र कुठे असावे, हे भांडायला तरी हाती काही असेल.