पाहणीच्या तक्त्यात आपले घर

सरकारी कुटुंब-पाहणीचा माणूस हातात टॅब घेऊन वस्तीत शिरला, की पहिल्याच दारापाशी शंका त्याच्या आडवी येते. हा कशासाठी आला असेल? रेशनकार्ड पिवळ्याचे केशरी करावयास, की घरकुलाच्या यादीतून नाव काढावयास? मग घरचा कर्ता पुरुष उंबऱ्यातच उभा राहून बेताबेताने उत्तरे देतो. मजुरी विचारली तर कमी सांगतो, कर्ज विचारले तर नाही म्हणतो, आणि पत्नीविषयी विचारले तर "ती काही करीत नाही, घरीच असते" असे सांगून मोकळा होतो. त्याच वेळी ती माउली खुरपणीहून परतून डोक्यावरचा सरपणाचा भारा अंगणात उतरवीत असते! प्रश्नकर्ता उत्तर नोंदवून पुढच्या घरी जातो. हा प्रकार आमच्या समाजास घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

शंका येते यात नवल नाही. ज्यांची नोंद गावच्या दप्तरात पिढ्यान् पिढ्या केवळ राबवून घेण्यासाठी झाली, त्यांनी सरकारी कागदाकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविकच होय. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणी ही तलाठ्याची चौकशी नव्हे. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने 1950 साली सुरू झालेल्या या पाहणीत प्रथम गावे व शहरांतील विभाग आणि मग त्यांतील काही घरे शास्त्रीय पद्धतीने निवडली जातात. 2008 च्या सांख्यिकी संकलन अधिनियमान्वये अशी माहिती सांख्यिकीच्या कामासाठीच वापरावयाची असते. तिच्यावरून कोणाचे रेशनकार्ड बदलत नाही. तसेच, हेही सांगितले पाहिजे, की तिच्यावरून कोणास घरकुलही मिळत नाही. जो मिळण्याच्या आशेने गरिबी फुगवून सांगतो आणि जो जाण्याच्या भीतीने मिळकत लपवितो, ते दोघेही सारखेच चुकतात.

ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 या काळातील कुटुंब-खर्चाच्या पाहणीत सर्व देशातून 2,61,746 घरे घेतली होती. म्हणजे निवडलेले एक घर सुमारे हजार घरांच्या वतीने बोलत असते! त्या पाहणीत ग्रामीण भागातील दरमाणशी मासिक खर्च सरासरीने 3,773 रुपये निघाला; अनुसूचित जातींचा 3,474, तर "इतर" या सदरातील लोकांचा 4,392. शहरांत अनुसूचित जातींचा 5,307 आणि इतरांचा 7,333. शहरात गेले म्हणजे भेद मिटतो, असे मानणाऱ्यांनी हे शेवटचे दोन आकडे पुन्हा एकदा वाचावेत. हे आकडे भाषणातून निघालेले नाहीत. कोणी तरी कोणाच्या तरी दारात बसून तांदूळ, तेल, औषध, शाळेची फी यांचा हिशेब विचारला, आणि घरच्यांनी तो खरा सांगितला, म्हणून ते हाती आले.

उत्पन्नाची गोष्ट याहून अवघड आहे. नमुना पाहणीने 1955 साली, पुढे 1958-59, 1964-65 व 1969-70 या वर्षी कुटुंबाची प्राप्ती विचारून पाहिली. परंतु लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांचा खर्च व शिल्लक यांच्या बेरजेहून कमी भरू लागले, आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. तेव्हापासून गरिबीचे मोजमाप खर्चावरून करण्याचीच वहिवाट पडली. पुण्याच्या दांडेकर व रथ यांचा 1971 चा सुप्रसिद्ध अभ्यासही खर्चाच्याच आकड्यांवर उभा आहे. स्वतंत्र उत्पन्न-पाहणी 2026 मध्ये हाती घेण्याचे ठरले, तेव्हा 2025 साली झालेल्या पूर्वचाचणीतही बहुसंख्य लोकांना हे प्रश्न नाजूक वाटले. श्रीमंताचे उत्पन्न लपविणे आम्ही समजू शकतो, त्यात त्याचा कर वाचतो. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्याने आपली मजुरी व सावकाराचे देणे लपविण्यात सावकाराखेरीज कोणाचा लाभ आहे?

आता स्त्रियांच्या कामाविषयी. येथे अज्ञानाने होणारी हानी सर्वांत मोठी आहे. श्रमबलाच्या पाहणीत मागील 365 दिवसांचा विचार करताना ज्या व्यक्तीने 30 दिवस वा त्याहून अधिक काळ काम केले, तिची दुय्यम का होईना, पण कामकरी म्हणून गणना होते. आणि मागील आठवड्याचा विचार करताना एखाद्या दिवशी तासभर केलेले कामही धरले जाते. म्हणजे जी बाई वर्षात चाळीस दिवस कापूस वेचावयास जाते, किंवा घरच्या शेळ्या राखते व त्यांचे दूध विकते, ती "काही न करणारी" नव्हे. तिचा पती "घरीच असते" म्हणाला, की ती केवळ घरकाम करणाऱ्यांच्या सदरात जाऊन पडते, आणि देशाच्या हिशेबातून तिचे श्रम नाहीसे होतात. 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकामावर दररोज स्त्रिया 289 मिनिटे व पुरुष 88 मिनिटे घालवितात असे आढळले. प्रश्नकर्ता आला असता घरातील स्त्रीलाच पुढे बसवावे व तिचे काम तिने स्वतः सांगावे. समतेचा धम्म स्वीकारलेल्या घरात तरी यासाठी पुरुषाची परवानगी लागू नये.

धर्म व समाजगट हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे प्रत्येक बौद्ध कुटुंबाने नीट ध्यानात घ्यावे. नमुना पाहणीत धर्माच्या सदरात बौद्ध धर्मास स्वतंत्र अंक आहे. समाजगटाच्या सदरात अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग व इतर असे चार भाग आहेत. प्रश्नकर्ता घाईत असेल, समोरच्या भिंतीवरील बुद्धमूर्ती त्याच्या दृष्टीस पडली नसेल, आणि त्याने स्वतःच काही लिहिले असेल, तरी "काय लिहिलेत?" असे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेविली होती. बौद्धांना ती 1990 च्या दुरुस्तीने मिळाली. तेव्हा धर्म बौद्ध आणि समाजगट अनुसूचित जाती, असे एकाच व्यक्तीविषयी सांगणे कायद्याने रास्त आहे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65,31,200 बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातींत गणले गेलेले सुमारे 52 लाख होते. उरलेल्या 13 लाखांत जातीचे नाव मुळीच न सांगणारे किती, याचा विचार आमच्या कार्यकर्त्यांनी अवश्य करावा. जात टाकली, मग ती पुन्हा उच्चारावी कशाला, हा प्रश्न आमच्या तरुणांच्या मनात येतो, व त्यामागील स्वाभिमान आम्हांस प्रिय आहे. परंतु जनगणनेत अनुसूचित जातींची गणना यादीतील नावावरून होते, आणि "बौद्ध" हे त्या यादीतील जातीचे नाव नाही. आम्ही जेथून निघालो त्या जागेची नोंद ही आमची श्रद्धा नव्हे, ती इतरांनी केलेल्या अन्यायाचा पुरावा आहे. 1 मार्च 2027 या संदर्भ-तारखेच्या जनगणनेत सर्वांचीच जात विचारण्याचा निर्णय 30 एप्रिल 2025 रोजी झाला आहे. गणनेच्या आधी या प्रश्नाची चर्चा प्रत्येक विहारात व्हावी.

संख्येचे मोल परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुरते ओळखले होते. 1928 साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीविषयी त्या समितीचा अहवाल 1930 मध्ये निघाला. पुढे 1932 साली लोथियन समितीपुढे काही प्रांतांत अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे भासविण्याचा उद्योग झाला, तेव्हा त्या समितीचे सभासद असलेल्या बाबासाहेबांनी आपले म्हणणे स्वतंत्र टिपणाने मांडले. माणसेच नाहीत म्हटले, की प्रतिनिधित्वही नको, हा त्यामागील डाव त्यांनी जाणला होता.

आमची सरकारकडेही एक मागणी आहे. श्रमबल पाहणीच्या वार्षिक अहवालांत धर्मवार कोष्टके हिंदू, इस्लाम, ख्रिस्ती व शीख यांचीच दिली जातात. बौद्धांचे कोष्टक नसते. देशात बौद्ध शेकडा एकाहूनही कमी असल्याने नमुन्यात त्यांची घरे थोडी येतात, ही अडचण आम्ही मान्य करतो. परंतु 2011 च्या गणनेप्रमाणे महाराष्ट्रात बौद्धांचे प्रमाण शेकडा 5.81 आहे, देशातील चार बौद्धांपैकी तिघांहून अधिक येथे राहतात, आणि राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय नमुना पाहणीत आपला वेगळा नमुना घेऊन भाग घेत आले आहे. त्या संचालनालयाने केंद्र व राज्य यांचे नमुने एकत्र करून महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांचे काम, खर्च, कर्ज व निवारा यांची कोष्टके प्रसिद्ध करावीत. विधिमंडळातील आमच्या प्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा. आलेले उत्तर आम्ही या स्तंभांत छापू.