हात मोडला की पाय?



गेल्या श्रावणात आमच्या इमारतीच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला. पडताना हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वय सहासष्ट. पोळ्या बंद, वेणी बंद, सकाळचं मंदिरही बंद. दशलक्षण पर्व घरातच गेलं. सून आणि मुलाने खूप केलं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती माझ्याबद्दलच. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी "आता फिरायला लागा" म्हणून सांगितलं, तरी मी दोन महिने घरातच बसले. फडके रोडची गर्दी नको, स्टेशनचा जिना नको, मंदिराच्या पायऱ्या नकोत. घरचे म्हणायचे, "आई, तुम्ही बसा." मी बसायची. खरं सांगते, ते बसणं मला आवडायलाही लागलं होतं. कोणी भेटायला आलं की पडल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायची.

एकदा खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या. ऐंशी पार केलेल्या, हातात काठी. माझी सगळी कहाणी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "अगं, तुझा हात मोडला होता की पाय?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

आपल्याकडे क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय सगळ्यांना ठाऊक असतात. पण नऊ नोकषायही सांगितले आहेत, आणि त्यांत भय आहे, शोक आहे, अरतीही आहे. अरती म्हणजे कशातच मन न रमणं. वर्षानुवर्षं स्वाध्यायात ही नावं वाचली, पण ती माझ्याच खुर्चीत येऊन बसली तेव्हा ओळखली नाहीत. हाड सहा आठवड्यांत जुळलं. भय मात्र मी घरात ठेवून घेतलं.

महर्षी धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले. तिथे वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढे म्हातारपणी मात्र वय जास्त झालं म्हणून ते थांबले नाहीत. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, महिला विद्यापीठाच्या कामासाठी परदेश दौऱ्यावर निघाले. १९३६ मध्ये खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढलं. १९४४ मध्ये शहाऐंशीव्या वर्षी समता संघ स्थापन केला. आपल्याला एवढं जमणार नाही, पण कोपऱ्यापर्यंत जायला तर जमेल?

तरुणांना माझं एक सांगणं आहे. "तुम्ही बसा" हे प्रेमाने म्हटलं तरी रोज म्हणू नका. बसून राहिलं की स्नायूंची ताकद जाते, तोल जातो आणि पडण्याची भीती आणखी खरी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पासष्टीनंतरही आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस तरी हवेत. म्हणून आईच्या हातचं काम काढून घेण्याआधी बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, जिन्यातला दिवा बदला.

आणि आपल्या वयाच्या बायकांनाही सांगते, हट्ट सोडा. काठी घ्यायला लाजू नका. कानाचं यंत्र कपाटात ठेवायला घेतलेलं नसतं. पावसाळ्यात गुळगुळीत झालेल्या चपला टाकून द्या. मी तेवढं केलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती! धाडस आणि निष्काळजीपणा यांत फरक आहे. आपला धर्मही जपून, खाली पाहून पाऊल टाकायला सांगतो. ईर्यासमिती मुनींसाठी आहे खरी, पण ओल्या जिन्यावर ती गृहिणीच्याही उपयोगाची आहे.

माझं मनगट अजून पूर्ण वळत नाही. पोळी पूर्वीसारखी गोल होत नाही आणि नातू त्यात वेगवेगळे नकाशे शोधतो. पण सकाळी सात वाजता खालून काठीचा आवाज आला की मी चप्पल घालते. नवी, खाचा असलेली.