स्वित्झर्लंड राहू द्या, आधी अँडोरा बघा

नाणेघाटातलं धुकं, मागे कसलंतरी गाणं आणि वर ओळ, 'आमचं जुन्नर म्हणजे स्वित्झर्लंडच!' पावसाळा लागला की असली रीलं दिवसाला दहा येतात. निवडणूक लागली की हेच वाक्य स्टेजवरून ऐकायला मिळतं. मंडळी, तुलनाच करायची तर स्वित्झर्लंड सोडा, तो लई मोठा. अँडोरा घ्या.

फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या डोंगरात अडकलेला देश. क्षेत्रफळ 468 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जुन्नर तालुक्यात असे जवळपास तीन बसतील. लोकसंख्या 85 हजारांच्या आसपास, आपला तालुका 2011 लाच चार लाखांच्या घरात होता. तिथे विमानतळ नाही, रेल्वेही नाही. (पुणे-नाशिक रेल्वेवाल्यांनी हे दोनदा वाचावं.) शेतीला सपाट जमीन नावालाच. पूर्वी मेंढ्या, तंबाखू आणि चोरटा माल यावर गाडा चालायचा. आज बर्फातले खेळ आणि कमी करातली खरेदी यासाठी दरवर्षी लाखो लोक तिथे जातात. राजे दोन, आणि दोघंही बाहेरचे : एक स्पेनमधल्या उर्खेलचा बिशप, दुसरा फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष!

घाटावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कमाई करणं आपल्याला नवीन नाही. सातवाहनांच्या काळात नाणेघाटात जकात घेतली जायची, तो दगडी रांजण त्याचाच असं सांगतात. आज रांजण तिथंच आहे. त्यात पर्यटकांच्या पाण्याच्या बाटल्या पडू नयेत एवढीच आपली अपेक्षा उरलीय.

आता मुद्द्याचं. अँडोराची राज्यघटना 14 मार्च 1993 ला लोकांनी मतदान करून मंजूर केली. आपली 73 वी घटनादुरुस्ती, पंचायत राजवाली, लागू झाली 24 एप्रिल 1993 ला. सव्वा महिन्याचा फरक. त्यांनी घटनेत काय लिहिलं? सात गावं-परगणे, प्रत्येकाची स्वतःची पंचायत, तिला ते 'कोमू' म्हणतात. 28 जणांच्या संसदेत निम्मे सदस्य या सातांचे, प्रत्येकी दोन. राजधानीलाही दोन आणि सगळ्यात छोट्या परगण्यालाही दोनच. सरकारी तिजोरीतून कोमूला पैसा द्यायचाच, त्यातला एक भाग सगळ्यांना सारखा. डोंगर-कुरणं कोमूच्या मालकीची. बर्फावर धंदा करायचाय? या, गावाशी करार करा.

आपल्याकडे काय लिहिलं? अकराव्या अनुसूचीत 29 विषय, आणि अधिकार राज्य सरकार 'देऊ शकेल'. या 'शकेल' वर तीस वर्षं गेली. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी यायचा, त्यातला 60 टक्के बंधित. गावाला गरज कशाची, हे दिल्लीला आधीच माहीत! मार्च 2022 नंतर तर जिल्हा परिषद आणि पंचायत समिती तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांच्या हातात होती. अँडोरात असं झालं असतं का, ते तुम्हीच सांगा.

पाण्याचं बघा. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं जुन्नर-आंबेगावच्या पोटात. जमिनी आपल्या लोकांच्या गेल्या. आवर्तन कधी सोडायचं याची बैठक मात्र मंत्र्यांच्या सवडीनं. नगर-सोलापूरकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाही, तोही आपलाच भाऊ. पण ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्या गावांच्या ग्रामसभांना त्या टेबलावर खुर्ची का नाही?

2018 ला जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. तेव्हा फटाके मीही वाजवले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, खोडदची दुर्बीण, सगळं आपल्याकडं आहे. आपल्या चौकातून नाशिक हायवेची गाडी थांबते, चहा-मिसळ होते, गाडी जाते. हॉटेलवाल्याचे चार पैसे होतात, ते व्हायलाच पाहिजेत. गावाच्या वाट्याला कचरा उचलायचं काम.

अँडोराला मी डोक्यावर घेतोय असं समजू नका. 2015 मध्ये तिथली एक बँक काळ्या पैशाच्या आरोपात बुडाली, आणि घरभाडी इतकी वाढलीत की तिथल्याच पोरांना तिथं राहणं परवडत नाही. ते नको आपल्याला. गावाचा हक्क तेवढा हवा.

आणि आता आपल्या सगळ्यांचं माप, माझ्यासकट. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 मध्ये घरपट्टीशिवाय यात्राकर, बाजार फी असे बरेच कर गावाला लावता येतात. किती जणांना माहीत होतं? ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यातलं जे कमी असेल ते. लग्नाच्या पंगतीला हजार माणूस जमवणारे आपण, ग्रामसभेला शंभर जमत नाही. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पंधरा-वीस डोकी सगळं मंजूर करून चहा पिऊन घरी. गेल्या तीनपैकी दोन ग्रामसभा मीही चुकवल्यात, टोमॅटोच्या तोडणीचं कारण सांगून.

1 मे च्या ग्रामसभेत मी दोन प्रश्न लेखी देतोय : कलम 124 मधले कोणते कर गावाने लावलेत आणि कोणते नाहीत, आणि पर्यटनातून गावाच्या खात्यात किती जमा झाले. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये वॉर्ड लिहा. मी कागद घेऊन दारात येतो. बाहेरगावच्या मित्रांनी नुसतं शेअर करू नका, आपापल्या गावात हाच कागद द्या.