दुधाचे दात

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी जे पाहुणे येतात, त्यांत एखाद्या घरी चार पायांचा पाहुणाही असतो. मुलांनी वर्षभर धोशा लावलेला असतो, वडिलांनी “सहामाही परीक्षा होऊ दे, मग बघू” असा वायदा केलेला असतो, आणि एके दिवशी टोपलीत बसून कापसाच्या गोळ्यासारखे एक पिल्लू घरात येते. पहिले दोन दिवस ते झोपा काढते. तिसऱ्या दिवसापासून त्याला दात असल्याचे सर्वांच्या लक्षात येते! मुलांच्या पोटऱ्या, आजींच्या लुगड्याचा काठ, वडिलांचा पायजमा, आईच्या साडीचा पदर — त्या दातांतून काहीही सुटत नाही. आठ दिवसांत घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “लहान आहे हो, खेळतंय बिचारं!” दुसरा म्हणतो, “ही जातच चावरी. जिथून आणलंत तिथे सोडून या.”

या दोन पक्षांच्या भांडणात पुष्कळदा पिल्लाचे घर जाते. आणि खरे पाहता दोघांचेही थोडे चुकतच असते. पिल्लू खेळत असते हे खरे. पण म्हणून त्याला चावू द्यावे असे नाही. त्याला शिकवावे लागते हे खरे. पण त्यासाठी हाकलावे लागत नाही.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या तोंडात एकही दात नसतो. तीन-चार आठवड्यांचे झाले की दुधाचे दात येऊ लागतात आणि दोन महिन्यांच्या आत सुईसारखे टोकदार असे २८ दात तयार होतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात, आणि सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात. शिवाय आपले तान्हे मूल जसे प्रत्येक वस्तू हाताळून पाहते, तसे पिल्लू ती तोंडाने पाहते. त्याचे तोंड हाच त्याचा हात!

किती जोराने चावले म्हणजे दुसऱ्याला दुखते, हा धडा पिल्लू आपल्या भावंडांत शिकते. फार जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते, आईही दटावते. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा पहिला वर्गच बुडतो. म्हणूनच कुत्र्यांच्या विक्रीसंबंधी २०१७ साली झालेल्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास मनाई केली आहे. “अगदी लहान आणले म्हणजे लळा लागतो,” असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून पिल्लू घेऊच नये.

राहिलेला धडा आपण घरी पुरा करायचा. दात कातडीला लागले की हात झटकून ओढू नये. हलणाऱ्या वस्तूमागे धावणे हा त्याचा स्वभावच आहे. हात स्थिर ठेवावा, खेळ थांबवावा आणि त्याच्या तोंडापुढे चावायची वस्तू धरावी. जुन्या सुती कापडाची घट्ट वेणी त्याला फार आवडते. ती ओली करून बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिली तर शिवशिवणाऱ्या हिरड्यांना बरे वाटते. मात्र चिंध्या सुटू लागल्या की ती काढून घ्यावी. वेणी धरली की तोंडभर कौतुक करावे. वेणी सोडून पुन्हा पायच धरला, तर एक शब्दही न बोलता उठून अर्धा मिनिट दाराआड जावे. चावले की गंमत संपते, एवढेच त्याला कळायला हवे. काही पिल्ले आपण “आई गं!” म्हटल्याबरोबर थबकतात, काहींना मात्र त्याने अधिकच चेव येतो. आपले पिल्लू कुठल्या जातकुळीचे, ते दोन दिवसांत कळते.

नाकावर चापटी मारणे, जबडा दाबून धरणे, तोंडात मिरची घालणे हे उपाय अजूनही सांगितले जातात. त्यांनी पिल्लू हाताला भिऊ लागते, आणि भ्यालेले कुत्रे मोठेपणी खरोखर चावते.

आणखी एक गोष्ट. एवढेसे पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपते. दिवेलागणीला ते वेड्यासारखे धावू, चावू लागले, तर पुष्कळदा ते दमलेले असते. अशा वेळी त्याला शांत कोपऱ्यात निजू द्यावे. निजलेल्या पिल्लाला मुलांनी उचलू नये, जेवताना त्याच्या ताटलीत हात घालू नये, आणि लहान मुलांना पिल्लाजवळ एकटे सोडू नये.

सर्वांत महत्त्वाचे, घरातल्या सर्वांचा नियम एक हवा. आईने मना करायचे आणि मामांनी बोटे चावायला देऊन हसायचे, असे झाले तर पिल्लाने शिकावे तरी कुणाचे?

दिवाळीत विशेष जपावे. माळांच्या विजेच्या वायरी आणि फटाके त्याच्या तोंडाला लागू देऊ नयेत. फराळातले बेदाणे, कांदा-लसूण आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. शिजवलेले हाड चावायला देऊ नये. त्याच्या चिरफळ्या घशात आणि आतड्यात रुततात.

आता हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट. पिल्लू लहान आहे, घरचे आहे, म्हणून त्याला रेबीज होणार नाही, ही समजूत जीवघेणी आहे. दाताने किंवा नखाने ओरखडा निघाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आठवून वडील मंडळी कचरतात. आता ती लस दंडात देतात आणि तिचा तसा त्रास नसतो. पिल्लालाही तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि पुढे जनावरांचे डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा द्यावी. पिल्लू खेळात नव्हे, तर ताटलीवर अंग ताठ करून गुरगुरत चावू लागले, तर तेही त्यांना लवकर दाखवावे.

एवढे केले म्हणजे चावणे उद्याच थांबेल असे नाही. चार दिवस बरे जातील, पाचव्या दिवशी पुन्हा पायजमा फाटेल. पण पक्के दात येईपर्यंत बहुतेक पिल्ले शहाणी होतात. हे चार-पाच महिने काढण्याची तयारी नसेल, तर मुलांनी कितीही हट्ट धरला तरी पिल्लू आणू नये. आणल्यावर मात्र रस्त्यावर सोडू नये. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्रास झाला की घरातल्याला बाहेर काढायचे, हा धडा आपली मुले शेजारी उभी राहून शिकत असतात.