सभोवारचा ध्वनी : संख्या की योजना?

बंगळूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर रामनगर हे गाव आहे. तेथील खडकाळ टेकड्यांत चित्रित झालेला ‘शोले’ हा बोलपट १९७५ साली प्रदर्शित झाला. त्याच्या ७० मिलिमीटर रुंदीच्या प्रतींवर एकाऐवजी अनेक ध्वनिपट्ट्या होत्या. पडद्यामागे एकच ध्वनिक्षेपक असेल, तर घोडा कोठेही धावो, टापा एकाच जागेवरून ऐकू येतात. ध्वनिपट्ट्या अनेक असल्या म्हणजे आवाजही चित्राबरोबर सरकविता येतो.

पुढे ध्वनिक्षेपक बाजूच्या व मागच्या भिंतींवर चढले, आणि २०१२ पासून छतावरही. आता एका प्रेक्षागारात ते ६४ पर्यंत स्वतंत्रपणे चालविता येतात. त्यामुळे ध्वनीचा दर्जा ध्वनिक्षेपकांच्या संख्येने मोजण्याची प्रवृत्ती बळावली आहे. ही प्रवृत्ती शास्त्राला धरून नाही.

मनुष्यास कान दोनच आहेत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानास किंचित आधी व किंचित मोठा ऐकू येतो. हा फरक फार तर एका सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका असतो. तथापि त्यावरून मेंदू दिशा ठरवितो. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोहोचतो त्याच्याच दिशेस आपण तो मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या सुमारास याचा बारकाईने अभ्यास केला.

समजा, एक प्रेक्षक पडद्यापासून २० मीटरवर आणि मागच्या ध्वनिक्षेपकापासून ३ मीटरवर बसला आहे. ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे मागचा आवाज त्याच्यापर्यंत सुमारे एक विसांश सेकंद आधी पोहोचेल, आणि त्यात संवादाचा अंश असल्यास नायक पाठीमागून बोलत असल्याचा भास होईल. म्हणून मागचा आवाज मुद्दाम विलंबाने सोडावा लागतो. हा हिशेब चुकला, तर ध्वनिक्षेपक वाढविल्याने गोंधळच वाढेल.

घरच्या व्यवस्थेसही हाच नियम लागू आहे. तेथे बहुधा पाच ध्वनिक्षेपक व खर्जासाठी सहावा असतो. खर्जाची लहर लांब असते. सेकंदास ४० कंपनांची लहर साडेआठ मीटरांहून मोठी भरते. तिची दिशा कानास नीट कळत नाही, म्हणून हा सहावा कोपऱ्यातही चालतो. परंतु तीच लहर भिंत ओलांडून शेजाऱ्याची झोपमोड करते. शिवाय सिमेंट, काच व फरशी यांनी बनलेल्या खोलीत आवाज घुमत राहतो व शब्द पुसट होतात. अशा ठिकाणी जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट ही नव्या यंत्राहून अधिक उपयोगी पडतात.

तेव्हा चित्रपटगृहाची परीक्षा एकाच प्रश्नाने व्हावी : शेवटच्या रांगेतील कडेच्या खुर्चीवर बसलेल्या, किंचित कमी ऐकू येणाऱ्या वृद्धास प्रत्येक शब्द स्पष्ट कळतो काय? आवाज चढवून हे साधत नाही. त्याने कानास अपाय मात्र होतो. हे साधते ते मोजमापाने, आणि मोजमाप हेच विज्ञानाचे पहिले काम होय.