डबा शेवटी

मे महिन्यात वळवाचा वारा एकदा पिसाटून गेला, की दुसऱ्या दिवशी गेवराई असो की केज, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानापुढे सेट-टॉप बॉक्स पिशवीत घालून आलेली माणसं दिसतात. ‘रात्रीपासून नो सिग्नल दाखवतंय.’ दुकानदार डबा उलटा-पालटा करतो, ‘जुना झालाय, बदलून टाका’ म्हणतो. गिऱ्हाईक नवा डबा घेऊन घरी जातं आणि घरी पुन्हा नो सिग्नल. साहजिकच आहे. डबा घरात कोरड्या जागी बसला होता. वारा खाल्ला, पाऊस झेलला तो छतावरच्या छत्रीनं.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र होतं, तेव्हा टीव्ही बिघडायची रीत वेगळी होती. वाशाला बांधलेला अँटेना जरा फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या, एका माणसाची दोन माणसं दिसायची. पण बातम्या कळायच्या. आष्टी-पाटोद्याकडं अंतर आणि बालाघाटचे डोंगर दोन्ही आड यायचे, तिथं लोक मुंग्यांसकटच टीव्ही बघायचे. ते अ‍ॅनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीनं मार्च २०२२ पर्यंत देशभर जवळपास गुंडाळलं, मोक्याच्या जागची पन्नासेक केंद्रं तेवढी ठेवली. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये सोळा शहरांत सुरू झालं होतं, त्यात मराठवाड्यातलं एकटं औरंगाबाद. बीडकरांच्या छतावर आली ती डीडी फ्री डिशची छत्री, नाहीतर खासगी कंपनीची.

बदल वाईट नाही. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, आणि डोंगराचा अडसरही उरला नाही. फ्री डिशचे कार्यक्रम ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बीडहून पाहिलं तर तो जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि जमिनीपासून सुमारे साठ अंश वर. इतक्या उंचावरून येणाऱ्या लहरींना बालाघाट काय अडवणार? अडवलं तर अंगणातला कडुनिंब अडवतो, किंवा शेजाऱ्यानं नव्यानं चढवलेला मजला.

अडचण आहे ती आपल्या हाताच्या सवयीत. डिजिटल चित्र मुंग्या दाखवून आधी कळवत नाही. सिग्नल एका मर्यादेपर्यंत उतरला तरी चित्र स्वच्छच दिसतं. मर्यादा ओलांडली की चौकोन-चौकोन फुटतात, आवाज तुटतो आणि थोड्याच वेळात पडदा काळा. म्हणजे छत्री वर्षभर थोडी थोडी सरकत असली तरी घरात पत्ता लागत नाही, आणि एका संध्याकाळी सगळं एकदम गेल्यासारखं वाटतं. मग दोष डब्यावर येतो.

साठ सेंटिमीटरची छत्री दीड अंश फिरली तरी सिग्नलची ताकद निम्म्यावर येते. दीड अंश म्हणजे छत्रीच्या कडेला जेमतेम आठ मिलिमीटर! माकडानं एक उडी मारली, पोरांनी पतंगासाठी दांडा धरला, एवढ्यानंसुद्धा भागतं. ऊसतोडीला गेलेल्या घराचं तर विचारूच नका. सहा-सहा महिने कुलूप आणि छतावर कुणाची नजर नाही.

छत्री फिरवायची रीतही बदलली पाहिजे. जुन्या अँटेनाला वरचा फिरवायचा आणि खालचा ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचा, कारण चित्र हाताबरोबर बदलत होतं. डिजिटल डब्याला सिग्नल ओळखून चित्र जुळवायला दोन-तीन सेकंद लागतात. जुन्या वेगानं फिरवणारा माणूस उपग्रहाच्या अंगावरून तीनदा जातो आणि त्याला कळतही नाही. बोटभरही नको, केसभर हलवा आणि थांबा. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. छत्री भलतीकडं तोंड करून असली तरी स्ट्रेंग्थ बरीच दिसू शकते, कारण छत्रीपुढचा सिग्नल टिपणारा एलएनबी चालू असला की तेवढं होतंच. खरी पट्टी क्वालिटीची. ती शून्यावर असेल तर स्ट्रेंग्थ नव्वद असून उपयोग नाही.

पण छत्रीला हात लावण्याआधी जोड उघडून बघावा. एलएनबीच्या तोंडाशी केबल जिथं पिळून बसवलेली असते, तिथं बहुतेक रोग सापडतो. डबा आधी बंद करावा, कारण याच केबलमधून तो वरती १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. जोड सोडला की आतली मधली तार बघा. तांब्याचा रंग जाऊन हिरवट झाली असेल तर पाणी शिरलंय. बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला असेल तर शॉर्ट. दोन इंच केबल कापून नवा जोड बसवला की काम झालं. वर रबरी टोपी, आणि जोडाच्या अलीकडं केबलला खाली लोंबणारा एक झोल, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जाईल. एवढ्याला कितीसा खर्च येणार? नव्या डब्यापुढं तो काहीच नाही.

झाडाची शंका असेल तर तिची परीक्षा सूर्य फुकट करून देतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबर लागता-लागता सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आपल्याकडून पाहता नेमका या उपग्रहापाठी येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र गेलं तर घाबरायचं कारण नाही. ते सूर्यामुळं जातं आणि आपोआप येतं. त्याच वेळी छत्रीवर कशाची सावली पडलीय ते बघावं. सावली ज्या फांदीची, अडथळा त्याच फांदीचा. धो-धो पावसात चित्र गेलं आणि उघडीप होताच आलं, तर काहीच करू नये.

सरकारचं लक्ष मात्र डब्यावरच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं जानेवारी २०२३ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या सुधारणेसाठी सुमारे २,५४० कोटींची योजना मंजूर केली. तीत दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागात आठ लाखांहून अधिक सेट-टॉप बॉक्स फुकट वाटायचं ठरलं. वाटा, जरूर वाटा. पण पूर्वी मनोऱ्याखाली बसलेला सरकारी अभियंता प्रक्षेपणाची देखभाल करत होता. आता उपग्रहापासून पुढची निम्मी जबाबदारी गावातल्या घरधन्यावर आली आणि त्याच्या हाती साधं एक मराठी पत्रकही दिलं गेलं नाही. गावाचं नाव, छत्रीची दिशा, उंचीचा कोन आणि जोड उघडल्याचं चित्र, एवढं एका पानात मावतं. जिल्ह्यातल्या आयटीआयच्या पोरांना चार दिवस शिकवलं तर तालुक्यागणिक हाताशी माणसं तयार होतील. प्रसार भारतीनं हे करायला हवं.

तोवर एक करा. मेकॅनिक आला आणि चहा संपायच्या आत डबा बदला म्हणाला, तर त्याला आधी शिडी द्या. वर जाऊन जोड उघडू द्या, मग केबल बघू द्या, मग छत्री. डबा शेवटी.