नाचायला जागा

लग्नात नाचावं की नाही हा प्रश्न आता आमच्या हिंगोली जिल्ह्यात उरलेला नाही. सगळेच नाचतात... म्हणजे सगळे पुरुष. प्रश्न उरलाय तो कुठे नाचायचं आणि कुणी नाचायचं एवढाच.

हे सुचायचं कारण असं, की येत्या वैशाखात पुतणीचं लग्न आहे. लग्न दुपारी, आणि संध्याकाळी स्वागत समारंभ आमच्याच रानात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढून झाली की ते रान मोकळं पडतं, आणि कार्यालयाचं भाडं वाचतं. सगळं ठरलं आणि मग पुतणीने हळूच विषय काढला, "काका, मंडपवाल्याकडे डान्स फ्लोअर मिळतो. घेऊ या ना. बाबांना तुम्हीच सांगा." दादाने आकडा ऐकला, मनातल्या मनात तो हळदीच्या पोत्यांत मोजला आणि एवढंच म्हणाला, "नाचायला जमीन पुरत नाही का?"

दादाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मराठवाड्यात लग्न हे कर्जाचं एक मोठं कारण आहे, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 ला पहिलं साध्या पद्धतीचं लग्न लावलं. त्याला दीडशे वर्षं उलटून गेली, आणि आपण मात्र दरवर्षी पत्रावळीत एक पदार्थ वाढवत चाललोय. तेव्हा नव्या खर्चाकडे संशयाने बघणारा बाप मला तरी शहाणाच वाटतो.

पण "जमीन पुरत नाही का" याचं उत्तर खरंच "नाही" असं आहे! आपली काळी माती कशी आहे ते बघा. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. वैशाखात तिला पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून गालिचा अंथरला की भेग दिसत नाही, एवढाच फरक. त्यात नऊवारी किंवा घागरा नेसलेल्या बाईने गिरकी घेतली तर घोटा मुरगळलाच म्हणून समजा. आणि वळवाची एक सर आली, तर मग नाचणं राहू द्या, चप्पल सुद्धा चिखलातून निघायची नाही. लोखंडी सांगाड्यावर सपाट ठोकलेलं प्लायवूड ही अशा रानात चैन नव्हे, सोय आहे.

आता कुणी नाचायचं ते. आपली वरात आठवा. पुढे डीजेची गाडी, मागे भिंतीएवढे स्पीकर, रस्त्यावर धुंद होऊन नाचणारी पोरं. बायका कुठे असतात? मागे. डोक्यावरचा पदर सावरत, कुणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन. ज्यांनी हळद दळली, रुखवत मांडलं, चार रात्री जागून काढल्या, त्यांच्या वाट्याला बघणं. एखादी धीट मुलगी पुढे गेलीच तर गर्दीत तिला धक्के, आणि घरी आल्यावर बोलणी. मंडपात, आजी-मावश्यांच्या देखत, चारी बाजूंनी उजेड असलेली एक चौकोनी जागा मिळाली तर याच बायका फुगडी घालतात, लेझीमही धरतात. पुतणीला हवंय ते हेच.

"आपल्यात असं नसतं," हे वाक्य घरात दोनदा ऐकलं. बरं, आपल्यात काय असतं? नर्सी हे नामदेवांचं गाव आपल्याच जिल्ह्यातलं. औंढ्याची आख्यायिका तर शेंबड्या पोरालाही पाठ असते. देवळासमोर कीर्तन करायला मनाई झाली म्हणून नामदेव मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. खरं-खोटं तो नागनाथ जाणे! पण ज्याला मागे ढकललं त्याच्याकडे देवाने तोंड केलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि घरातल्या बायकांना मात्र मागेच उभं करतो, हे काही पटत नाही.

म्हणून माझं मत असं, की फ्लोअर घ्यावा आणि वरातीचा डीजे काढून टाकावा. दोन्ही नको, दोन्हीतलं एक. आमच्या मंडपवाल्याच्या हिशेबात डीजेची सुपारी फ्लोअरच्या भाड्यापेक्षा जास्त बसतेय, म्हणजे दादाचे पैसे वाचतातच. शिवाय लागतो केवढा? पंधरा बाय पंधरा म्हणजे 225 चौरस फूट. माणशी पाच फूट धरले तरी एका वेळी पंचेचाळीस जण नाचतील. सगळं गाव काही एकदम नाचत नाही. आतून दिवे लागणारा काचेचा फ्लोअर नको. साधा लाकडी बास. वळवाच्या दिवसांत उघड्यावर पायाखालून वीज खेळवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

राहिला आवाज. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. मंडपापुरते दोन छोटे स्पीकर लावले तर शेजारच्या आखाड्यावरची म्हातारी माणसं सुखाने झोपतील आणि दावणीची जनावरंही बुजणार नाहीत. आठ ते दहा, दोन तास. नाचणाऱ्याला तेवढे पुष्कळ होतात.

दादाला हे सगळं सांगून झालंय. तो "बघू" म्हणालाय. आमच्या घरात "बघू" म्हणजे निम्मा होकार असतो. उरलेला निम्मा वहिनीकडून मिळवायचाय, आणि माझा अंदाज असा आहे, की फ्लोअरवर पहिलं पाऊल तिचंच पडणार.